दिल्लीच्या ‘वेस्ट टू वंडर’ पार्कातल्या भंगाराच्या प्रतिकृती गंजून कोसळत कशा नाहीत?

सराय काले खाँजवळच्या या पार्कात ताजमहाल, पिरॅमिड, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा अशा 7 प्रतिकृती आहेत. 2019 साली उघडलेल्या या पार्कासाठी साधारण 150 टन भंगार लागलं.

अशा कामात भार पेलतो तो आतला सांगाडा, बाहेरचं भंगार नव्हे. काँक्रीटच्या पायात बसवलेले लोखंडी अँगल, चॅनल (L आणि C आकाराच्या पट्ट्या), जाड पाइप हे वापरलेले चालतील, पण आतून कुजलेले नकोत. हातोडी मारून बघायची. बद्द आवाज आला तर तो तुकडा फक्त सजावटीला.

खरी डोकेदुखी वेल्डिंगची. जस्ताचा मुलामा ग्राइंडरने उतरवला नाही तर विषारी धूर होतो आणि जोड सच्छिद्र राहतो. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भाग साध्या वेल्डिंग रॉडने जोडले की थंड होताना तडकतात. तिथे निकेल रॉड किंवा सरळ नटबोल्ट. आणि जुन्या पेट्रोलच्या टाकीला आच लावण्याआधी ती धुऊन पूर्ण पाण्याने भरावी. आत उरलेल्या पेट्रोलच्या वाफेमुळे रिकामी दिसणारी टाकीच फुटते.

गंज लागतो तो बहुधा पाणी साचल्यामुळे. पोकळ पाइपची वरची तोंडं बंद करून खाली 8-10 मिमीचं भोक ठेवावं. तेलकट चेन, गिअर नीट धुऊन तेल काढल्याशिवाय प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही, रंग पापुद्र्यांनी सुटतो.

पार्क बघायला जाणार असाल तर संध्याकाळी जा. दिवे लागतात, पण अंधार पडायच्या आधी जवळून सांधे बघून घ्या. खरी कारागिरी तिथेच दिसते.