जुन्या फ्रेंच निसर्गचित्रावर ‘पॉल गिगू’ अशी सही आहे. हा चित्रकार कोण आणि चित्र अस्सल आहे का, हे कसे ओळखावे?

पांढुरकी टेकडी, जवळजवळ कोरडे नदीपात्र आणि निरभ्र आकाश हे तुम्ही केलेले वर्णन गिगूच्या चित्रांशी जुळते; मात्र त्याच्या मुलखात इतरांनीही हेच विषय रंगवले आहेत, त्यामुळे केवळ विषयावरून निर्णय करू नये.

गिगूचा जन्म १८३४ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या व्होक्लूझ जिल्ह्यातील व्हिलार या गावी झाला. नोटरीच्या कचेरीत कारकुनी करता करता त्याने मार्सेयमध्ये एमिल लुबाँ यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले आणि १८६२ मध्ये तो पॅरिसला गेला; तरीही त्याची उत्तम चित्रे दक्षिणेतील दुरांस नदीच्या काठची आणि लुबेराँच्या डोंगरांचीच आहेत. १८७१ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो वारला. त्याला ‘प्रादेशिक चित्रकार’ म्हणून बाजूला सारतात, ते मला मुळीच मान्य नाही. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्याचे १८६० चे धुणे धुणाऱ्या बाईचे चित्र आहे. ती पाठमोरी गुडघ्यांवर बसलेली आहे, चेहरा दिसतच नाही, आणि तरी तिच्या पाठीवर पडलेल्या उन्हावरून दुपार किती रखरखीत आहे हे कळते. मिस्त्राल नावाचा कोरडा वारा दक्षिण फ्रान्समधली हवा इतकी स्वच्छ करतो की दूरच्या कड्याची कडाही जवळच्या दगडाइतकी रेखीव दिसते. तुमच्या चित्रातील दूरचे डोंगर धूसर, निळसर धुक्यात विरघळलेले असतील, तर मला शंका येईल.

सही सर्वांत शेवटी पाहावी, कारण तिची नक्कल सर्वांत सोपी असते. ती जुन्या वार्निशच्या वर बसलेली असेल किंवा रंगाला पडलेल्या तड्यांमध्ये तिचा रंग उतरलेला असेल, तर ती मागाहून केलेली आहे. त्याआधी चित्र उलटे करून मागील लाकडी चौकट, खिळे आणि कॅनव्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्का तपासा. रंगाच्या तपासणीत मूळ थरात टायटॅनियमचा पांढरा सापडला, तर चित्र गिगूचे असूच शकत नाही, कारण तो रंग विसाव्या शतकात बाजारात आला.

तोपर्यंत कृपया चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, आणि मागे चिकटवलेला कागद कितीही मळका असला तरी काढू नका. चित्र कोणाकोणाच्या हातांतून गेले, याचा माग अनेकदा तिथेच लागतो.