वाचकांचे प्रश्न : परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण वाचतात का?

प्रश्न : आमची लहान संस्था सातारा जिल्ह्यातील काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग चालवते. आठवड्यातून एकदा आई आणि मूल एकत्र बसून गोष्टीचे पुस्तक वाचतात. आमच्या बहुतेक महिला ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आहेत. देणगीदार आता परिणामांचा अहवाल मागत आहेत. परीक्षेचा निकाल पुरेसा ठरेल का? मुलांचे शाळेतील गुण त्याला जोडावेत का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : निकाल अवश्य जोडावा, परंतु अहवालाचा सारा भार त्यावर टाकू नये. ‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात आणि प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की परीक्षार्थी उत्तीर्ण होतो. म्हणजे वाचनाचे जवळजवळ दोन तृतीयांश गुण गमावलेली महिलाही उत्तीर्णांच्या यादीत असू शकते. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचे निकष याहून कडक होते. साधा मजकूर मिनिटाला ३० शब्दांच्या गतीने मोठ्याने वाचणे आणि मिनिटाला पाच शब्दांच्या गतीने श्रुतलेखन करणे अपेक्षित होते, तर तिसऱ्या प्रवेशिकेनंतरच्या (म्हणजे अक्षरओळखीच्या क्रमिक पुस्तकांतील तिसरे संपल्यावरच्या) चाचणीत प्रत्येक भागात ५० आणि एकूण ७० टक्के मिळवावे लागत. आयुष्यात प्रथमच परीक्षेला बसणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी उंबरठा खाली आणण्यात माझ्या मते काहीही गैर नाही. मात्र तो उंबरठा ओलांडला म्हणजे वाचन साधले, असे अहवालात लिहिणे गैर आहे.

महिला कुठून निघाल्या होत्या, हे अहवालात सर्वांत आधी यायला हवे. आपल्या वर्गात कधीच शाळेत न गेलेल्या महिला असतील, तशाच तिसरी-चौथीपर्यंत शिकून पुढे सारे विसरलेल्याही असतील, आणि या दोघींची प्रगती एका सरासरीत कोंबली तर दोघींवरही अन्याय होतो. त्यामुळे वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकीला एकटीला बसवून, इतरांच्या नजरेआड, अक्षरे, साधे शब्द, जोडाक्षरांचे शब्द, वाक्य आणि चार ओळींचा परिच्छेद या क्रमाने वाचायला द्यावे आणि ती कुठवर पोहोचते याची नोंद ठेवावी. हे कशासाठी आहे तेही तिला मोकळेपणाने सांगावे. अखेरीस हीच तपासणी पुन्हा करावी, पण मजकूर प्रवेशिकेतला नसावा, कारण प्रवेशिकेतले धडे अनेकींना तोंडपाठ झालेले असतात आणि पुस्तक उलटे धरले तरी त्या ‘वाचून’ दाखवतात.

टक्केवारी किती जणींवर काढली, म्हणजे छेद कोणता धरला, हेही स्पष्ट लिहावे. समजा, तीस महिलांनी नावे नोंदवली, बारा परीक्षेला बसल्या आणि अकरा उत्तीर्ण झाल्या, तर ‘९० टक्क्यांहून अधिक यश’ हे विधान गणिताने बरोबर असूनही दिशाभूल करणारे आहे. गळालेल्या अठराजणी कुठे गेल्या, ही माहिती कार्यक्रमाविषयी सर्वाधिक सांगते. ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. राज्यात २०२४ साली ही परीक्षा १७ मार्चला झाली, म्हणजे अशा कुटुंबांतील अनेकजणी तेव्हा फडावर असणार. त्यांना ‘अनुत्तीर्ण’ म्हणणे चुकीचे, आणि हिशेबातून वगळणे त्याहून चुकीचे.

गणिताबाबत अधिक सावध राहावे लागेल. बाजारात भाजी विकणारी महिला दीड पावाचा भाव, सुटे पैसे आणि मागच्या आठवड्याची उधारी एका दमात तोंडी सांगते, पण हातच्याची वजाबाकी कागदावर मांडताना अडते. केवळ लेखी चाचणी घेतली तर तिला हिशेब येत नाही असा निष्कर्ष निघतो, आणि वर्ष संपताना तिला मांडणी जमू लागली की मुळात येत असलेल्या गोष्टीचे श्रेय वर्गाला मिळते. म्हणून सुरुवातीलाच तोंडी आणि लेखी हिशेब वेगवेगळे तपासावेत. वर्गाने खरोखर काय दिले, हे या दोहोंमधील अंतर किती कमी झाले त्यावरून कळते. बचत गटाचे पासबुक त्यासाठी उत्तम साधन आहे. शेवटची जमा कोणत्या तारखेची, व्याज किती लागले आणि शिल्लक किती, हे तिने नोंदीवर बोट ठेवून दाखवावे. मात्र पासबुक एखाद्या नमुन्याचे घ्यावे. तिच्या स्वतःच्या पैशांची माहिती सर्वांसमोर उघड होता कामा नये.

आता मुलांच्या गुणांविषयी. ते जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षी शाळेत नवे शिक्षक येतात, मूल एक इयत्ता वर चढते, शिकवणी लागते. या सगळ्यातून आईच्या वर्गाचा वाटा वेगळा काढायचा तर तुलनेसाठी वर्ग नसलेली गावे लागतात. बिहार आणि राजस्थानात ‘प्रथम’ संस्थेच्या कार्यक्रमांचा असा तौलनिक अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही गावांत आयांना साक्षरता वर्ग, काहींत मुलाला घरी कसे शिकवावे याचे मार्गदर्शन, तर काहींत दोन्ही मिळाले, आणि चिठ्ठी टाकावी तशी गावांची विभागणी केलेली होती. आयांच्या शिकण्यात मोजता येईल इतका पण माफक फरक पडला. मुलांमधील फरक त्याहून लहान होता. दोन्ही एकत्र दिले तिथे परिणाम तुलनेने अधिक होता. एवढ्या मोठ्या अभ्यासाला जे माफक दिसले, ते आपल्या तीन-चार गावांत ठळकपणे दिसल्याचा दावा कोणी केला तर देणगीदाराने शंका घ्यायला हवी.

त्याऐवजी घरातला बदल पाहावा. पण ‘तुम्ही मुलाचा अभ्यास घेता का?’ असे विचारले की उत्तर हमखास ‘हो’ येते. मुलाची वही आणायला सांगून ‘कालचा गृहपाठ कोणत्या पानावर आहे?’ असे विचारल्यास उत्तर देता येते किंवा येत नाही, त्यात मधले काही नसते. आई आणि मूल गोष्ट वाचत असताना पुस्तक कोणाच्या हातात आहे, प्रश्न कोण विचारते, अडलेला शब्द कोण सोडवते, यांचीही नोंद दर काही महिन्यांनी ठेवता येते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी वर्ग संपल्यानंतर सहा महिन्यांनी करावी. देणगीदार ती सहसा मागत नाहीत आणि संस्थाही तिच्यासाठी पैसे राखून ठेवत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले आणि मोहीम पुढे राज्यभर पसरली. त्या उत्साहाविषयी मला आदर आहे, परंतु नवसाक्षरांना पुढे वाचायला काही मिळाले नाही की शिकलेले पुसले जाते, हा अनुभव तेव्हापासून प्रत्येक मोहिमेने दिला आहे. सहा महिन्यांनी किती जणी त्याच पायरीवर आहेत, हा आकडा उत्तीर्णांच्या आकड्याच्या शेजारीच छापावा. तो लहान असला तरी छापावा.

प्रश्न : जनगणनेत व्यक्ती साक्षर आहे की नाही, हे चाचणी घेऊन ठरवतात का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर, अशी व्याख्या असून घरातील व्यक्तीने दिलेले उत्तर प्रगणक नोंदवतो. २०११च्या जनगणनेतील महाराष्ट्राचे ८२.३ टक्के याच पद्धतीने आलेले आहेत. गोवा ३० मे २०२५ रोजी ‘पूर्ण साक्षर’ घोषित झाला तो ‘उल्लास’ कार्यक्रमाखाली, आणि त्या कार्यक्रमात ९५ टक्के साक्षरता पूर्ण साक्षरतेसमान मानली जाते. दोन्ही आकड्यांमागील पद्धत वेगळी असल्याने ते शेजारी ठेवून प्रगती मोजू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. वर्गात उत्तम बोलतात, पण वाचायला दिले की ‘मला येत नाही’ म्हणतात. परीक्षेला बसवावे का?
— एक स्वयंसेविका, जि. नाशिक

उत्तर : ‘उल्लास’ कार्यक्रमाला वयाची खालची अट १५ वर्षांची आहे, वरची नाही. मात्र परीक्षेआधी त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते, आणि जिने कधी वाचलेलेच नाही तिला चष्म्याची गरज कधी जाणवलेली नसते. मोठ्या ठशातील अक्षरे त्यांना ओळखता येत असतील आणि प्रवेशिकेतील येत नसतील, तर अडचण शिकण्याची नाही. ग्रामीण रुग्णालयात तपासणीची सोय असेल तर वर्गातील सर्वांनाच एका दिवशी घेऊन जावे आणि पूर्वचाचणी चष्मे आल्यानंतर घ्यावी.