नवोदयच्या परीक्षेसाठी मुलीला पाचवीत तालुक्याच्या शाळेत घालावं का? तयारी कशी करून घ्यावी?

तुमची मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे, आणि क्लास जवळ पडावा म्हणून पाचवीला तिला तालुक्याच्या शाळेत घालायचा तुमचा विचार आहे. घालू नका. नवोदयच्या बाबतीत याहून महाग पडणारी चूक नाही.

एका नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीला जास्तीत जास्त 80 जागा असतात. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना जातात, म्हणजे साठ. पण ग्रामीण कोण? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर नाव राहिलं, तरी मूल शहरी धरलं जातं. नगरपरिषदेचं गाव शहरीच. तुमच्याच गावाची अलीकडे नगरपंचायत झाली असेल, तर अर्जात ‘ग्रामीण’ भरण्याआधी मुख्याध्यापकांकडून खात्री करून घ्या. क्लास लावायचाच असेल तर शनिवार-रविवारी न्या, दाखला हलवू नका.

दुसरं, ही परीक्षा एकदाच देता येते. यंदा जमलं नाही तर पाचवी पुन्हा करून पुढच्या वर्षी बसू, हा मार्ग बंद आहे. ज्या जिल्ह्यातल्या नवोदयसाठी अर्ज आहे, मुलीने त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असायला हवं आणि तुम्ही त्या जिल्ह्याचे रहिवासी हवेत. जन्मतारखेचीही चौकट असते: 2026-27 च्या प्रवेशासाठी ती 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 अशी होती. दर वर्षी ती पुढे सरकते, त्यामुळे शाळेच्या रजिस्टरातली तारीख आणि जन्मदाखला आताच ताडून पाहा.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र, मुलीचा फोटो, तिची आणि पालकांची सही हे अपलोड करावं लागतं. तो भरताना स्वतः शेजारी बसा, कारण नेहमी चुकणाऱ्या जागा तीन आहेत: ग्रामीण-शहरी, परीक्षेचं माध्यम आणि प्रवर्ग. माध्यमात मराठीऐवजी दुसरं काही निवडलं गेलं, तर प्रश्नपुस्तिका त्याच भाषेत हातात पडते. प्रवर्गाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो. विमुक्त-भटके किंवा विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे रकाने तिथे नसतात. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तरच ओबीसी भरा, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या यादीत नाव आहे एवढ्यावर विसंबू नका. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, ते वाया घालवू नका.

आता पेपर. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न 50 गुणांना, अंकगणिताचे 20 आणि भाषेचे 20 प्रश्न प्रत्येकी 25 गुणांना.

शिष्यवृत्तीची तयारी म्हणजेच नवोदयची तयारी असं बरेच जण धरून चालतात, आणि इथेच फसतात. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्तेत अक्षरमाला, सांकेतिक भाषा, नातेसंबंध असतात. नवोदयला यातलं काही नाही, फक्त आकृत्या. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपूर्ण आकृती पूर्ण करणं, आकृत्यांची मालिका, समसंबंध, तुकड्यांतून भौमितिक आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून तयार होणारी आकृती आणि लपलेली आकृती. अर्धे गुण इथे आहेत आणि सरावाने सगळ्यात जास्त वाढतात तेही इथेच.

हे नुसत्या गाइडातून शिकवू नका, हाताने करून घ्या. आरशासाठी खरा आरसा घ्या, तो आधी आकृतीच्या उजवीकडे आणि मग खाली धरा. आरसा बाजूला असेल तर डावं-उजवं उलटतं, खाली असेल तर वर-खाली. मुलं पान फिरवून पाहतात. तसं केल्याने दोन्ही बाजू उलटतात आणि उत्तर चुकतं. घडीच्या प्रश्नासाठी चौकोनी कागद दोनदा दुमडून एक छिद्र पाडायला लावा. उघडल्यावर चार छिद्रं दिसतील, पण छिद्रांची संख्या बहुतेक पर्यायांत सारखीच असते, फरक जागेत असतो. म्हणून एकेक घडी उलगडत छिद्राची जागा कागदावर काढायची सवय लावा.

गणितात अडचण अशी की पाचवीचं बालभारतीचं पुस्तक पुरत नाही. लसावि-मसावि, नफा-तोटा हे आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक आणा आणि हीच प्रकरणं दिवाळीच्या आत संपवा. पदावली सोडवताना ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ असूनही मुलं चुकतात. बेरीज आधी येते म्हणून 15 − 6 + 4 चं उत्तर 5 काढतात. बेरीज-वजाबाकी डावीकडून क्रमाने करायची, उत्तर 13. तसंच 24 ÷ 4 × 3 म्हणजे 18, 2 नव्हे.

भाषेत उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. हुशार मुलं स्वतःला माहीत असलेलं लिहून गुण घालवतात.

वेळेचं म्हणाल तर भाषा 25 मिनिटं, आकृत्या 45, गणित 40 आणि शेवटी दहा मिनिटं राखीव, अशी वाटणी मला बरी वाटते. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून आणि खऱ्या उत्तरपत्रिकेसारख्या छापील कागदावर सोडवून घ्या. गोळे बॉलपेनने भरायचे असतात, खाडाखोड चालत नाही. एक प्रश्न सोडला आणि त्याचा गोळा सोडायचा राहिला की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. म्हणून दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहायला शिकवा. शेवटी एकही गोळा रिकामा ठेवू नये.

सैनिक शाळेचं गणित वेगळं आहे, अक्षरशः. सातारची सैनिक शाळा 1961 पासूनची, देशातली पहिली. तिथल्या सहावीच्या पेपरात 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला असतात, शिवाय सामान्यज्ञान 50. नवोदयमध्ये शिक्षण, राहणं, जेवण मोफत. सैनिक शाळेत शुल्क भरावं लागतं. मुलीचं गणित पक्कं असेल तर दोन्ही द्या, नाहीतर आधी नवोदयवर लक्ष ठेवा.

आणि तिलाही विचारा. दहा-अकराव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात जायचंय, आणि नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. हे तिला फॉर्म भरण्याआधी माहीत असू द्या.