घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, ३० हजारांत कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोघंच राहता, तुम्हाला काळी कॉफी लागते, नवऱ्याला कॅपुचिनो, दिवसाला तीन-चार कप, ओट्यावर जागा बेताची, बजेट ३० हजार. आणि शेवटी विचारलंय, "१५ बारचं घ्यावं की २० बारचं?"

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण सगळे तिथेच फसतात आणि मीही फसले होते. बार हे दाबाचं माप. खोक्यावर छापलेला १५ किंवा २० बार म्हणजे तो पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो तो आकडा. एस्प्रेसोला कॉफीवर ९ बारच्या आसपास दाब लागतो. त्याहून जास्त दिल्याने कॉफी चांगली होत नाही, उलट बिघडते. म्हणून बऱ्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या आकिल्ले गाज्जियाने दांडी आणि स्प्रिंगवर चालणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा कुठे कपावर ती बदामी साय दिसायला लागली. तिलाच क्रेमा म्हणतात. त्याआधीची यंत्रं वाफेच्या जोरावर चालायची आणि त्यांचा दाब जेमतेम दीड-दोन बार असायचा. तेव्हा २० बारसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घेते. नवऱ्याच्या डोक्यातला कॅपुचिनो म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला मिळते ती, वरती फेसाचा डोंगर आणि त्यावर कोको पावडर भुरभुरलेली "एक्स्प्रेसो" तर नाही ना? तसं असेल तर मशीन घेऊच नका. ती इन्स्टंट कॉफी असते, साखर घालून फेटलेली, वर वाफेने फुगवलेलं दूध. मला ती फार आवडते, आणि ती घरी चमच्याने फेटून फुकटात होते.

तसं नसेल तर आता मुद्द्याचं. तुम्ही मशीन शोधताय, पण तुमच्या कपातली चव ठरवणार आहे ते दळण. ज्वारीचं दळण जाड आलं तर भाकरी थापताना चिरा पडतात, मग तवा कितीही भारी असो. इथेही तसंच आहे. मशीनचं काम एवढंच की ९० ते ९६ अंशांच्या मधलं पाणी दाबाने ढकलायचं. त्या पाण्याला अडवणारी एकच गोष्ट वाटेत असते, कॉफीच्या पुडीची दाबून बसवलेली चकती. पूड जाड असेल तर पाणी दहा-बारा सेकंदांत सुसाट निघून जातं आणि कपात आंबट, पांचट काहीतरी पडतं. फार बारीक असेल तर मशीन कण्हत बसतं, थेंब थेंब गळतं आणि चव जळक्या काढ्यासारखी लागते. १८ ग्रॅम पुडीतून साधारण ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत यावी, हे सुरुवातीचं माप धरा. ते गाठायला दळण केसभर इकडे-तिकडे करता यावं लागतं. मिक्सरमध्ये ते जमत नाही. मिक्सरच्या पात्याने अर्धी धूळ होते, अर्धा रवा राहतो, आणि पाणी त्यातून आपली वाट काढून पळतं.

हे सगळं मी सहा महिने वाया घालवून शिकले. माझं पहिलं मशीन होतं डेलाँगी डेडिका, तेच अरुंद, १५ सेंटीमीटर रुंदीचं. मिक्सरवर कॉफी दळायची, यायचा तो कप प्यायचा आणि मशीनला नावं ठेवायची. विकायला काढलं होतं. मग एका मैत्रिणीचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आठवडाभर उसना आणला. मशीन तेच, कॉफीची पिशवीही तीच. फक्त मशीनची जाळी बदलली आणि ग्राइंडरचा एकेक टिचका, म्हणजे जाड-बारीक करायची चकती फिरवताना टिक वाजतो तो टप्पा, कमी करत गेले. चौथ्या खेपेला पहिले सात-आठ सेकंद काहीच आलं नाही, मग दोन गडद थेंब, मग मधासारखी बारीक, किंचित वळणारी तार. इटालियन लोक तिला उंदराची शेपटी म्हणतात. पंचविसाव्या सेकंदाला तार फिकी पडायला लागली तसं बटण बंद केलं. साखर न घालता संपवलेला तो माझा पहिला एस्प्रेसो. मशीन विकलं नाही.

जाळी बदलली म्हटलं, ते नीट सांगते. जाळी म्हणजे कॉफीची पूड भरायची भोकांची वाटी. स्वस्त मशीनसोबत दुहेरी तळाची जाळी येते. वरून बघाल तर भोकंच भोकं, खालून मात्र एकच टाचणीएवढं छिद्र. कॉफीची पूड कशीही असली तरी ते छिद्र पाण्याला अडवतं आणि फेस काढून दाखवतं. फेस बघून आपण खूश होतो, पण तो साबणासारखा मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि मिनिटभरात विरतो. खरी एकेरी तळाची जाळी वेगळी मिळते, फार महाग नसते. फक्त माप बघून घ्या. डेडिकाला ५१ मिलिमीटरची लागते, कॅफेतल्या बहुतेक मशीनना आणि घरगुतीत गाज्जिया क्लासिकला ५८ची. ही जाळी चांगल्या दळणाशिवाय घेऊ नका, पाणी नळासारखं येईल.

तर ३० हजारांचा हिशोब मी असा मांडेन: आठ ते बारा हजार चांगल्या हँड ग्राइंडरला, उरलेले डेडिकासारख्या एखाद्या अरुंद पंपाच्या मशीनला. ग्राइंडर पात्याचा नको, दातेरी चक्कीचा हवा, आणि एस्प्रेसोसाठी बारीक टप्प्यांत फिरतो का हे विचारून घ्या. किंगग्राइंडर के-सिक्स या हँड ग्राइंडरचा एक टिचका १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, इतपत बारीक फरक करता आला पाहिजे. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर हात चालवावा लागतो, दोन कपांना दोन मिनिटं. सकाळी कंटाळा येतो, हे लपवत नाही. शिवाय एक छोटा वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा. चमच्याने मोजून एस्प्रेसो होत नाही.

थोडक्या पैशांत वाफेवर चालणारं, काचेच्या भांड्याचं "एस्प्रेसो मेकर" घ्यायचा मोह होईल. त्यात पंप नसतो. जी कॉफी येते ती मोका पॉटच्या, म्हणजे गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या किटलीच्या, जवळची असते, आणि ती हवी असेल तर सरळ मोका पॉट घ्या. तो १९३३ पासून गॅसवर बिनतक्रार चालतोय.

घरात कॉफी पिणाऱ्या तुम्ही एकट्याच असता तर मी फ्लेअरसारखं हाताच्या दांडीचं यंत्र सुचवलं असतं. त्याला वीज नको, बॉयलर नको, किटलीतलं पाणी ओतायचं आणि दांडी दाबायची. पण त्याला दुधाची वाफ नसते आणि तुमच्या घरात कॅपुचिनो आहे.

दुधाबद्दल आपल्याकडे एक गंमत होते. पिशवी आली की आपण आधी दूध तापवतो, सवयच आहे. तापवून गार केलेल्या दुधातले सायीचे बारीक तुकडे वाफेच्या नळीच्या तोंडात जाऊन बसतात आणि दोन दिवसांनी नळी नुसती शिट्टी मारते. माझी सुईने टोकरून काढावी लागली होती. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं. कॉफीपुरतं न तापवलेलं, फ्रिजमधलं गार दूध बाजूला काढून ठेवा. गाईचं दूध सहज फुगतं. म्हशीचं किंवा फुल क्रीम जड, गोड, मस्त लागतं, पण फेस बारीक यायला हात बसावा लागतो. भांड्याला हात लावून धरवेनासा झाला की थांबा, तेव्हा दूध ६० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. नंतर नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. "मग पुसते" म्हटलंत की ते दूध तिथे सिमेंट होतं.

या किमतीत कॉफीचं पाणी आणि दुधाची वाफ एकाच हीटरमधून येते. वाफेसाठी त्याला १२० अंशांच्या पुढे जावं लागतं, म्हणून आधी एस्प्रेसो, मग दूध, मग मशीनमधून थोडं पाणी सोडून ते थंड करायचं आणि मग दुसरा कप. दोघांना चालतं. सहा पाहुणे आले की मी सरळ चहा टाकते.

एक चूक माझ्या उतावीळपणाची. डेडिकामध्ये बटण बंद केल्यावर आतला दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह नाही. मी एकदा धार थांबताच जाळी बसवलेला दांडा फिरवून काढला. ठप्प असा आवाज आला आणि ओल्या कॉफीचा सडा टाइल्सवर, कुकरवर, माझ्या ऑफिसच्या कुर्त्यावर. अर्धं मिनिट थांबत जा. गाज्जिया क्लासिकमध्ये तो व्हॉल्व्ह असतो, माझ्या दुसऱ्या मशीनची ती मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

आता विजेचं. ओट्याजवळचा लहान सॉकेट ६ अँपियरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट. चौदाशे-पंधराशे वॅटचं मशीन मोठ्या, १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा. इन्व्हर्टरवर चालवायचा विचारही करू नका. आणि अमेरिकेतून कुणी येत असेल तर तिथलं मशीन मागवू नका. माझ्या नणंदेने प्रेमाने आणलं, आम्ही पिन बदलणारा अॅडॉप्टर लावून सुरू केलं. अॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. १२० व्होल्टच्या हीटरला २३० मिळाले की तो जवळजवळ पावणेचार पट वीज ओढतो. पाच-सहा सेकंदांत जळका वास आला आणि खेळ आटोपला. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्या वॅटचा म्हणजे कित्येक किलोचा लोखंडी ठोकळा, आणि तिथे ६० हर्ट्झवर थरथरणारा पंप इथे ५० हर्ट्झवर जरा मंद चालतो तो वेगळाच.

पाणी कुठलं येतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर आतल्या नळ्यांत क्षार साचतात, तुमच्या गीझरमध्ये साचतात तसेच. आमच्याकडे टँकर आहे, म्हणून मी आरओचं पाणी घालते. मात्र ते अगदीच कोरं नको, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० ते १०० च्या दरम्यान राहील असं मेकॅनिककडून जुळवून घ्या. कोऱ्या पाण्यात कॉफीची चव उतरत नाही. दोन-तीन महिन्यांनी क्षार काढायचं द्रावण फिरवते.

झुरळांबद्दल कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. मशीन वरून कोमट राहतं, खाली ट्रेमध्ये गोडसर पाणी. रात्री ट्रे रिकामा करून, धुऊन, कोरडा करून ठेवा. बटण दाबलं की दळण्यापासून सगळं करणारी पूर्ण ऑटोमॅटिक मशीन असतात, त्यांच्या चोथ्याच्या डब्यात तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. ती वाईट असतात असं नाही. ज्यांना सकाळी सातला गाडी पकडायची आहे त्यांना तीच बरी, पण तुमच्या बजेटमध्ये चांगलं बसणार नाही.

घेण्याआधी त्या कंपनीची दुरुस्ती पुण्यात होते का, रबरी गॅस्केट मिळतं का, एवढं फोन करून विचारा. गॅस्केट दोन-तीन वर्षांत कडक होतंच.

उरली कॉफी. दुकानातली फिल्टर कॉफी पावडर घालू नका; तिच्यात बहुतेकदा चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते, ती ओली झाली की चिकट होऊन जाळी बुजवते. आख्खे दाणे घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेले, आठवडा ते महिनाभर जुने. चिकमगळुरूचे मध्यम ते गडद भाजलेले दाणे नवशिक्यांना सोपे जातात. फिके भाजलेले दाणे छोट्या मशीनवर हटकून आंबट येतात. आंबटपणा अजिबात नको असेल तर मॉन्सून्ड मलबार आणा: पश्चिम किनाऱ्याच्या पावसाळी वाऱ्यात दाणे मुद्दाम फुगू देतात, त्यांचा आंबटपणा जातो. नवऱ्याच्या दुधाच्या कपाला थोडा रोबस्टा (कॉफीची कडक, कडवट जात) मिसळलेला चांगला, दुधातून कॉफी कळते. आपल्या रोबस्टाला इटलीत मोठी मागणी आहे ती उगाच नाही.

पाव किलोच्या पिशवीत १८ ग्रॅमचे तेरा-चौदा कप निघतात, हे कागदावर. पहिली पिशवी मात्र जवळजवळ पूर्ण दळण जुळवण्यातच जाईल, त्यामुळे सुरुवातीला अंजीर-जास्वंदाचा सुवास वगैरे लिहिलेली महागडी पिशवी आणू नका. साधी, गडद, अर्धा किलो आणा, आणि पहिल्या शनिवारी दुपारी बसा, संध्याकाळी नको. आठ-दहा कप चाखावे लागतात, रात्री झोप येत नाही.