रोजच्या वापराच्या टेबलाला कोणते पॉलिश?

प्रश्न: आमच्या घरी सहा माणसे आहेत, त्यांत दोन लहान मुले. जेवणाच्या लाकडी टेबलावर मुलांचा अभ्यासही होतो. त्याचे पॉलिश जुने असून गरम भांड्यांमुळे जागोजागी पांढरी वर्तुळे उठली आहेत. पॉलिशवाले कारागीर टेबल, खुर्च्या आणि पुस्तकांचे कपाट या सर्वांना चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे वर प्लॅस्टिकसारखा कठीण थर धरणारे पॉलिश) करण्याचा सल्ला देतात, तर नातेवाईक म्हणतात की लाकडाला तेलच द्यावे. आम्ही काय करावे?

उत्तर: दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत; मात्र तिन्ही वस्तूंना एकच पॉलिश करावे, हे मला पटत नाही. पॉलिश निवडताना त्या पृष्ठभागाला रोज काय सोसावे लागते आणि उद्या ते खराब झाल्यास दुरुस्त कसे होईल, हे दोनच प्रश्न विचारावेत.

पांढऱ्या वर्तुळांवरून तुमच्या टेबलाला लाखेचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे पॉलिश असावे, असे वाटते. उष्णतेने ते मऊ पडते, वाफेचा ओलावा त्यात अडकतो आणि डाग पांढरा दिसतो. याउलट डाग काळा असेल, तर पाणी थेट लाकडापर्यंत पोहोचले आहे असे समजावे. खात्री करून घेण्यासाठी टेबलाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून काही मिनिटांनी बोट लावून पाहावे. चिकट लागले तर लाखच आहे.

टेबलाच्या वरच्या फळीसाठी मी दोन घटक मिसळून लावायचे पीयू सुचवेन, पण मॅट. चकचकीत पृष्ठभागावर पेन्सिलीचा प्रत्येक ओरखडा उजेडात उठून दिसतो, मॅटवर तो बराच लपतो. पाणी, तेल, हळद आणि सांडलेले दूध ताबडतोब पुसले, तर पीयूवर सहसा डाग राहत नाही. तरीही चुलीवरून उतरवलेले पातेले थेट ठेवू नये, कारण इतकी उष्णता सोसणारे घरगुती पॉलिश नाही. पीयूची खरी अडचण दुरुस्तीची आहे: नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होत नाही, त्यामुळे एका जागी खोल ओरखडा पडला तरी बहुधा संपूर्ण फळी घासावी लागते. लाखेचा नवा हात मात्र जुन्यात मिसळतो. म्हणूनच कपाटाला, ज्याला ना गरम भांडे लागते ना ओला हात, लाखेचे पॉलिश तसेच राहू द्यावे. ते सुंदर आहे आणि घरच्या घरी सुधारता येते. खुर्च्यांच्या हातांना घाम व तेलकट बोटे सतत लागतात, तेव्हा त्यांना टेबलाप्रमाणेच पीयू करावे.

तेलाबाबत नातेवाइकांचे म्हणणे मला मनापासून आवडते. तेल लाकडात मुरते, स्पर्श लाकडाचाच राहतो आणि डाग पडल्यास तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येते. परंतु त्याचे संरक्षण कमी असते आणि ते नियमितपणे द्यावे लागते. सहा माणसांच्या घरात हे काम मागे पडण्याचीच शक्यता अधिक. जवसाचे तेल वापरलेच, तर तेलाचे फडके गोळा करून टाकू नये. सुकताना त्यात उष्णता साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

पीयू करण्यापूर्वी जुने पॉलिश पूर्ण काढणेच श्रेयस्कर, कारण लाखेतल्या मेणावर किंवा फर्निचरच्या स्प्रेतील सिलिकोनवर नवा थर नीट धरत नाही. १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. कारागिराने घाईत यातला एखादा टप्पा गाळला, तर त्याचे ओरखडे पॉलिशखाली कायमचे दिसत राहतात. पीयूच्या दोन थरांच्या मध्ये ३२० नंबरने हलके घासून धूळ पुसावी. फळीच्या खालच्या बाजूलाही थर द्यावा, अन्यथा दोन बाजूंनी ओलावा असमान शोषला जाऊन फळी वाकते.

काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून मुलांना दुसरीकडे ठेवावे. काही तासांत हाताला कोरडे लागले तरी पीयू पूर्ण कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर टेबलावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये आणि जड वस्तू ठेवू नये, कारण त्यांचा ठसा उमटतो.