सीपीयू निवांत, तरी लोड चढलेला
अरे, हिंजवडीचा सर्व्हर सीपीयू रिकामा असूनही लोड चढलेला दाखवतोय, म्हणून त्याला लगेच रीबूट मारू नकोस, पुरावाच पुसला जाईल. सीपीयू ९८ टक्के रिकामा आणि लोड (म्हणजे चालू असलेल्या किंवा वाट बघणाऱ्या प्रोसेसची, चालू प्रोग्रॅमची, सरासरी संख्या) ४, हे सहज होऊ शकतं. लिनक्स लोडमध्ये सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेसबरोबर डिस्कवर अडकून पडलेल्याही मोजतो. १९९३ पासूनची खोड आहे ती. टॉप, म्हणजे चालू प्रोसेस दाखवणारी कमांड, तिच्यात एस (स्थितीचा) कॉलम बघ. तीच प्रोसेस सारखी डी (म्हणजे अडकून पडलेली) दाखवत असेल तर तिला धर. माझा पहिला संशय नेहमी लटकलेल्या एनएफएस माउंटवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या फोल्डरवर. प्रोसेस जबरदस्तीने मारणारी किल मायनस नाइन कमांड तिथे बऱ्याचदा चालत नाही, उगाच बोटं झिजवू नकोस. डी कुठेच नाही? मग क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय, तपास. क्षणभर जगणाऱ्या स्क्रिप्टा लोड वाढवू शकतात, पण टॉपच्या हाती लागत नाहीत.