कुंडीतल्या फळझाडांना माती कशी बनवायची?

प्रश्न: नमस्कार ताई, मी लिंबाचं कलम मोठ्या ड्रममधे लावलंय. तळाला दगडगोट्यांचा थर दिला आणि वर अर्धी काळी माती, अर्धं शेणखत भरलं. सुरवातीला मस्त वाढलं पण आता पानं पिवळी पडून गळतायत, आणि पाणी घातलं की बराच वेळ वरच साचून राहतं. अजून खत घालू का? पुढे अंजीर आणि पेरू पण लावायचेत, त्यांना कुठली माती घेऊ?

उत्तर: खत आत्ता अजिबात घालू नका. झाड उपाशी नाहीये, त्याची मुळं गुदमरलीयत. मुळांना हवा मिळाली नाही की समोर असलेलं अन्नसुद्धा त्यांना घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात आणि आपण बिचारे अजून खत टाकत बसतो.

काळी माती जमिनीत चांगलीच असते, तिथे गांडुळं आणि बाकीचे जीव तिला सतत भुसभुशीत ठेवतात, पण ड्रममधे ती रोजच्या पाण्याने दबत जाते. त्यात अर्धं शेणखत म्हणजे फारच झालं, ते कुजत जातं तसं बारीक होतं आणि उरलीसुरली पोकळी पण भरून टाकतं.

आणि ते दगडगोटे काढाच. निचऱ्यासाठी घालतात सगळे, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमधे सहज उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून राहतं, म्हणजे ओला चिखलाचा पट्टा उलट वर मुळांच्या जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, थेंब पडायचे थांबले की तोच उभा करा, अजून पाणी गळेल. उंची जास्त तेवढं पाणी जास्त निथळतं, म्हणून उथळपेक्षा उंच कुंडी बरी. तळाला मोकळी भोकं आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण, बस.

मिश्रण निवडताना मी आधी बघते की ते दोन वर्षांनी कसं असेल. अन्न काय, वरून कधीही देता येतं, हवा नंतर घालता येत नाही. म्हणून घमेल्याने मोजून 2 भाग जाड माल, म्हणजे परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) किंवा साधारण 3 ते 8 मिमीचे विटांचे तुकडे, चाळून, धूळ काढून. 2 भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आधी भिजवून एकदोनदा धुतलेलं कारण त्यात क्षार असू शकतात. 1 भाग पूर्ण कुजलेलं खत आणि 1 भाग बागेतली माती, मोठं झाड वाऱ्याने कलंडू नये म्हणून तेवढं वजन लागतं. बारीक वाळू नको, तिने माती अजून घट्ट बसते. नुसतं कोकोपीट पण नको, ते कुजून खाली बसत जातं.

भरल्यावर पाणी ओतून बघा. मिनिटभरात वरचं पाणी जिरून खालून यायला लागलं तर जमलं, वर तळं झालं तर जाड माल वाढवा.

अंजीर आणि पेरूला हेच चालेल. लिंबाला किंचित आम्ल माती आवडते, पीएच साधारण 5.5 ते 6.5, त्यामुळे चुना किंवा राख घालू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर बहुतेक लोह मिळत नाहीये.

आता तुमचं लिंबू. ऊन उतरल्यावर ड्रममधून काढा, मातीला आंबूस वास येतोय का बघा आणि मुळं चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगलं मूळ पांढरट, घट्ट लागतं, कुजलेल्याची साल हातात सुटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. तेवढी कापून टाका, चिकट माती झाडून घ्या आणि नवीन मिश्रणात लावा, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असं. थोडे दिवस सावलीत ठेवा, बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताला हात लावू नका.